एका सुईत लसीकरण ‘पूर्ण’?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कुत्र्याच्या पिल्लाच्या लसीकरणावरचा लेख वाचला. छायाचित्र झकास. मजकूर मात्र कुणा जाणत्याच्या नजरेखालून गेलेला दिसत नाही. ‘दीड महिन्याचं झालं की एक सुई द्या, वर्षभर निश्चिंत राहा’ म्हणे! याच भरवशावर राहिलेली पिल्लं तिसऱ्या महिन्यात पार्व्हो या विषाणूच्या रोगाने रक्ताची हगवण घेऊन दवाखान्यात येतात आणि मालक कार्ड पुढे करून विचारतात, ‘लस तर दिली होती, मग पार्व्हो झालाच कसा?’

तर तो असा होतो. जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती रोगाला अडवतात, तशीच लसीलाही निकामी करतात. ती कधी ओसरतील याचा नेम नाही. एकाच वेतातल्या भावंडांत कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. डोस किती झाले ते मोजत बसू नका, शेवटचा कोणत्या वयात झाला ते बघा. रेबीजची लस वेगळी. ती तीन महिने भरल्यावर आणि पुन्हा वर्षाने.

‘लहान जातीला अर्धा डोस’ हा शोध कुणाचा? पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन, कुपीतला डोस पूर्णच द्यायचा. लस वजनावर मोजत नाहीत. जुलाब किंवा ताप असेल तर लस पुढे ढकलावी, जंताचं औषध आधी झालेलं असावं, हे मात्र लेखात कुठेच नाही.

मेडिकलमधून लस आणून घरीच टोचण्याच्या सल्ल्याला तर हात जोडले. कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी. खिशातून आणून तापलेली किंवा फ्रिजच्या बर्फाला चिकटून गोठलेली कुपी वरून ओळखू येईलच असं नाही. लसीची पूड द्रावात मिसळली की लगेच टोचावी लागते. आणि टोचल्यावर अर्ध्या तासात तोंड सुजलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर त्यावरचं तातडीचं औषध अ‍ॅड्रेनलिन काय देवघरात ठेवलेलं असतं?

जाता जाता, त्याच पुरवणीच्या मागच्या पानावरची तुमची छोटी जाहिरात: ‘लॅब्राडॉर पिल्ले, वय ३५ दिवस, लसीकरण पूर्ण’. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आणि ३५ दिवसांत कसलं पूर्ण? पैसे घेण्याआधी आपल्या जाहिरात विभागाने निदान कार्डाचा फोटो मागवावा. प्रत्येक तारखेपुढे कुपीवरचं लेबल सोलून चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी डॉक्टरची सही व नोंदणी क्रमांक. नुसती निळ्या पेनाची बरोबरची खूण असेल तर जाहिरात परत पाठवा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा