काखेत कळसा

कोथरूड, पुणे
4 जानेवारी 2026

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

परवा गच्चीवर तू विचारलंस, "आकाश तर रोज दिसतंच, मग पुन्हा त्याचा नकाशा कशाला?" तुला बस गाठायची होती, मला धड सांगता आलं नाही. तेव्हापासून चुटपुट लागली आहे, म्हणून लिहितोय.

काल आईने भाकऱ्या करून गॅस बंद केला. तवा नेहमीसारखा काळाच दिसत होता, पण बाजूने हात नेला तर तळहाताला धग लागली. अवरक्त प्रकाश तो हाच, डोळ्यांना न दिसणारा. आकाशातही असे तवे आहेत. गाभ्यात हायड्रोजन पेटता ठेवण्याइतकं वस्तुमान ज्यांना लाभलं नाही, ते तपकिरी बटू. साध्या दुर्बिणीला ते जेमतेम दिसतात, धगीवरून मात्र सापडतात.

त्यासाठी नासाने 14 डिसेंबर 2009 ला वाइज ही दुर्बीण अवकाशात पाठवली. आरसा अवघा 40 सेंटिमीटरचा. घन हायड्रोजन भरून तिला उणे 250 अंशांच्याही खाली गार ठेवलं होतं, कारण दुर्बीणच ऊबदार असली तर तिला आधी स्वतःचीच धग दिसणार. दर 11 सेकंदांना एक फोटो. अमुक तारा महत्त्वाचा, तमुक नाही, असं काही न ठरवता सहा महिन्यांत तिने सगळं आकाश टिपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला तिचं हेच फार आवडतं.

कारण पुढे 2013 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केव्हिन लुमन यांना त्या फोटोंत एक ठिपका सरकताना दिसला. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन तपकिरी बटूंची जोडी, आपल्यापासून फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवर! यापेक्षा जवळ अल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा, बस्स. शोधल्यावर 1978 च्या छायाचित्रातही तो ठिपका सापडला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं रे!

वाइजमधला हायड्रोजन 2010 मध्येच संपला होता. तरी अवरक्त प्रकाशाच्या चारांपैकी दोन पट्ट्यांत तिला दिसत राहिलं. मध्ये अडीच वर्षांहून जास्त काळ तिला झोपवून ठेवलं, मग लघुग्रह आणि धूमकेतू हुडकायला उठवलं. 2020 च्या जुलैत ज्या निओवाइज धूमकेतूसाठी आपण पावसाळी ढगांकडे डोळे लावून बसलो होतो, तो तिनेच शोधलेला. 2024 च्या दिवाळी पाडव्याला सकाळी मी दारात रांगोळी काढत होतो, त्याच सुमाराला ती वातावरणात शिरून जळून गेली. दुपारी ती बातमी वाचली आणि खरंच वाईट वाटलं. आता नासाची स्फिअरएक्स ही दुर्बीण हे काम करते आहे, 102 अवरक्त रंगांत.

फेब्रुवारीच्या मध्यात एक रात्र काढ. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याला जाऊ, इथे दिव्यांच्या उजेडात दक्षिण क्षितिज दिसतच नाही. सव्वानवाला अगस्ती तारा दक्षिणेला येईल. तो दोन बोटं टेकडीवर की तीन, ते नीट बघून ठेव. ती तपकिरी बटूंची जोडी त्याच्याच वाटेने, जवळजवळ तेवढ्याच उंचीवरून, साडेचार तासांनी जाते. पावणेदोनला तिथे काहीच दिसणार नाही, पण बोट ठेवून जागा दाखवीन.

थर्मासभर चहा मी आणतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीधर