कडी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री तू फोन उचलला नाहीस म्हणून मी अकरा वेळा लावला आणि शेवटी तुझ्या घरमालकीणबाईंना उठवलं. त्यांनी दार वाजवलं, तू झोपेतून उठून आलीस. दुसऱ्या दिवशी तू एवढंच विचारलंस, "बाबा, माझ्यावर विश्वास नाही का?" मी चिडून काहीतरी बोललो. ते चुकलं. खरं उत्तर लिहून देतो, जरा लांबून.

तुझी आजी रात्री दाराला आतून कडी लावू द्यायची नाही, हे तू पाहिलंयस. ऐन थंडीतसुद्धा. का, ते आपल्या घरात कुणी बोललं नाही.

११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. साडेचार वाजायच्या आत कोयनेचा भूकंप झाला. हेळवाकच्या आपल्या जुन्या घराच्या दगडमातीच्या भिंती आत कोसळल्या. खोऱ्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्यात माझी थोरली बहीण होती, चार वर्षांची. मी तिला पाहिलेलं नाही. माझा जन्म दोन वर्षांनी, पत्र्याच्या शेडमधला. थंडी फार होती म्हणून आजीनं त्या रात्री तिला चुलीच्या उबेला, भिंतीच्या कडेला निजवलं होतं.

"मीच तिला तिथं निजवलं," असं आजी जन्मभर म्हणत राहिली. मी शिकलो तेव्हा तिला समजावायला गेलो. धरणात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले, त्या पाण्याचा दाब जमिनीतल्या भेगांवर येतो असं शास्त्रज्ञ मानतात, तुझा यात काय दोष? ती माझ्यावर भयंकर रागावली. तो राग मला फार उशिरा कळला. दोष तिचा असेल, तर पुढचं तिच्या हातात होतं. नीट लक्ष ठेवलं की पोरं राहतील. दोष कुणाचाच नसेल, तर आम्हाला राखायचं कसं? म्हणून तिनं तो दोष सोडला नाही. कडी काढून टाकली. रात्री उठून आम्हा तिघा भावंडांना अंधारात हात लावून मोजायची. मी कॉलेजला कराडला गेलो तेव्हा ती महिनाभर धड जेवली नाही, आणि मला तिची कीव नाही, संताप आला होता.

माणसानं एवढी नदी अडवली, १०३ मीटर उंच भिंत घातली, वीज काढली. गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीचा अभ्यास केला. तरी पुढचा मोठा धक्का कधी, ते आजही कुणी सांगू शकत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरी शनिवारी मी तेच केलं जे आजी करायची. तिच्याकडे हात होता, माझ्याकडे फोन आहे. तुझ्यावर अविश्वास नव्हता गं. तू झोपली असशील हे मला सुचतच नव्हतं, भिंतच दिसत होती.

घरमालकीणबाईंची मी माफी मागितली आहे. त्यांचा नंबर आता आईकडे असेल, माझ्याकडे नाही. तू सवडीनं फोन कर.

काल रात्री इथं हलका धक्का बसला. फडताळातली भांडी वाजली. आई आणि मी अंगणात येऊन उभे राहिलो. साडेअकरा झाले होते. तुझा नंबर काढला, आणि फोन परत खिशात ठेवला.

तुझे,
बाबा