नेपिअरचं वय कुणी विचारत नाही : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातला दूध उत्पादक शेतकरी. गोठ्यात 9 गायी आहेत. त्यांच्यासाठी एकाच गटात नेपिअरचे, म्हणजे एकदा लावून वर्षानुवर्षं कापायच्या चारा गवताचे, दोन तुकडे आहेत, एक गोठ्याला लागून आणि दुसरा मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, 20 गुंठ्यांचा. दोन्हीकडे फुले जयवंत या वाणाची ठोंबं एकाच आठवड्यात लावली, त्याला 7 वर्षं झाली.

लांबच्या तुकड्यातलं ठोंब हातानं फाकवून पाहिलं तर मधला भाग वाळून गेलाय आणि फुटवे नुसते कडेनं येतात. जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. आम्ही युरिया वाढवला. चार दिवस काळोखी यायची, पुढच्या कापणीला पुन्हा तेच. शेवटी वही घेऊन बसलो. या 20 गुंठ्यांतून वर्षाला 30 टन हिरवा चारा निघतो, म्हणजे वाळवून साधारण 6 टन. त्यात पालाश (पोटॅशियम) दोन टक्के धरलं तरी 120 किलो झालं. पानांच्या कडा करपतात त्या याच्याच कमतरतेनं. तेवढं भरून काढायला म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खताची जवळजवळ पाच पोती लागतील. आम्ही सात वर्षांत एकही टाकलं नव्हतं. ऊस मोडला की जमीन नांगरतो, शेणखत घालतो, पीक फिरवतो. नेपिअर तसंच उभं राहतं, आणि दर दीड-दोन महिन्यांनी भारा बांधून जमिनीतलं घेऊन जातं.

मग ते पालाश जातं कुठं? चाऱ्यातून गोठ्यात, आणि तिथून शेण-मुतात. त्याची पातळ स्लरी वाहून नेण्याचा त्रास नको म्हणून ती गोठ्याशेजारच्याच तुकड्याला सोडली जाते. तिथलं गवत काळंभोर आहे. पाहुणे त्याचंच कौतुक करतात, आम्हीही करत होतो. विण्याआधी दूध आटवलेली गाभण गाय त्यावरच होती. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी ती मान पोटाकडे वळवून बसली, कान गार पडले. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा उठली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "चारा कुठल्या वावरातला?" पालाश फार झालं की गवत मॅग्नेशियम कमी उचलतं, आणि असा चारा विण्याआधी खाल्लेल्या गाईला हाडांतलं कॅल्शियम वेळेवर काढता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. नेपिअरमधलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्यही कॅल्शियम बांधून ठेवतं. एवढ्या एकाच कारणानं गाय बसते असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

साहेब, एका गोठ्याच्या दोन बाजूंना असं झालं. एक तुकडा उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण. माती तपासली होती का? होती. गट एकच म्हणून दोन्हीकडची माती एकत्र कालवून एकच नमुना घेतला गेला. अहवाल आला, पालाश भरपूर! लागवड किती वर्षांची, वर्षाला कापण्या किती, शेण कुठं जातं, यातलं काहीच कुणी विचारलं नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. पत्रिकेत 12 घटक तपासतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त आहे, पण कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. दुभत्या जनावराच्या चाऱ्याला नेमकं तेच हवं. माती हा कृषी खात्याचा विषय आणि चारा आपल्या खात्याचा, म्हणून हे मधल्यामधे राहून जातंय असं मला वाटतं.

जुनं नेपिअर मोडा असा आदेश मात्र कृपा करून काढू नका. इतकी वर्षं नांगर न लागलेल्या जमिनीत मुळांमुळे सेंद्रिय कर्ब साठतो. मोडल्यावर पहिल्या वर्षी पीक जोमदार येतं ते तीच साठवण खर्च करून.

मागणी एवढीच आहे. बहुवर्षीय चाऱ्याच्या मातीचा नमुना तुकड्यागणिक वेगळा घ्यावा. अर्जावर लागवडीचं वर्ष आणि स्लरी कुठं सोडली जाते, हे दोन रकाने वाढवावेत. त्याच दिवशी त्याच तुकड्यातली मूठभर पानं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाशसाठी तपासून द्यावीत. कृषिमंत्र्यांसोबत बसून एका तालुक्यात तरी हे सुरू करा. आमच्या तालुक्यात केलंत तर पहिले दोन नमुने माझ्या मळ्यातले घ्या. स्लरी आता आम्ही टाकीनं लांबच्या तुकड्यावर नेतोय. ती किती सोडायची आणि कधी थांबायचं, हे सांगणारं सध्या कुणी नाही.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी, जि. सांगली