कोड्याखाली डिक्शनरीचं नाव पण छापा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ते इंग्रजी अक्षरांचं कोडं येतं ना, सात अक्षरं दिलेली आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, ते आमच्या घरी पोहे-जिलेबीसोबतच सुटतं. कोडं मस्त असतं, पण उत्तर यायला आठ दिवस लागतात आणि मग येते ती नुसती यादी, कोणती डिक्शनरी धरली, अनेकवचन चालतं का, काही पत्ता नाही.

यावरूनच माझं आणि नातवाचं वाजलं. तो म्हणे आजी ‘रोटी’ चालतो, मी म्हटलं गप रे, स्वयंपाकघरातले शब्द नको घुसवू. नंतर बघितलं तर पोरगं बरोबर, रोटी, घी, साडीची ‘सारी’, लाख, क्रोर सगळे इंग्रजी डिक्शनरीत आहेत, स्क्रॅबल म्हणजे अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द बनवायचा खेळ, त्यात पण चालतात आणि लाखचे तर अकरा पॉइंट होतात कारण ‘के’ पाचाचा आणि ‘एच’ चाराचा! (मग त्याने ‘पोहा’ लावला, तो आम्ही इंदूरचा घरचा कायदा म्हणून चालवून घेतला.)

आता माझी खरी अडचण सांगते. माझी डिक्शनरी लग्नाच्या आधीची आहे, चांगली जाडजूड, पण ती चालते पहिल्या अक्षरावर, आणि कोड्यात हवा असतो मधे ‘क्यू’ नाहीतर शेवटी ‘एक्स’. तसा शब्द तिच्यात शोधायचा म्हणजे पोतंभर गव्हातला एक खडा निवडणं. नातू मोबाइलवर अक्षरं टाकतो की झालं, दोन सेकंदात यादी हजर. मला आधी ही जादूच वाटायची, मग त्यानेच समजावलं की असे प्रोग्राम प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवतात, म्हणजे ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एन्लिस्ट’, ‘टिन्सेल’ या सगळ्यांचं ई-आय-एल-एन-एस-टी होतं आणि ते एकाच खणात जाऊन पडतात. आता मी पण कागदावर तसंच करते, आधी अक्षरं क्रमाने लिहायची, मग आय-एन-जी, ई-आर अशी शेपटं बाजूला काढून उरलेल्यात काय बसतं ते बघायचं. निम्मं कोडं तिथेच सुटतं हो.

‘क्यू’ने मात्र फार रडवलं होतं. स्क्रॅबलच्या शंभर ठोकळ्यांत तो एकच, दहा पॉइंटचा, आणि ‘यू’ फक्त चार, ते कोणीतरी आधीच संपवलेले असतात. एकदा हातात ए, एफ, आय, आर आणि हा क्यू, मी डोक्याला हात लावून बसले, तर शब्द निघाला आपला फकीर! एफ-ए-क्यू-आय-आर, सतरा पॉइंट. शाळेत शिकवलं होतं की क्यूच्या मागे यू आलाच पाहिजे, पण ‘तलाक’ पण क्यूने संपतो आणि ‘क्यू-आय’ हा चिनी शब्द दोनच अक्षरांचा तरी अकरा पॉइंट देतो.

आणि हो, 1938 मध्ये आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने हा खेळ बनवला तेव्हा कोणतं अक्षर किती वेळा येतं ते त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून ठरवलं होतं, म्हणजे या खेळात तुम्हा पेपरवाल्यांचा हात आहेच.

तर विनंती एवढीच, कोड्याखाली डिक्शनरीचं नाव छापा, अनेकवचन आणि आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द चालतात की नाही ते लिहा, आणि उत्तर सोमवारीच द्या. खेळ चालू असताना मोबाइल बंद हा नियम मी घरी लावलाय, खेळ संपल्यावर खुशाल शोधा, पण आठ दिवस उत्तराची वाट बघायची म्हटलं तर नातू काय मोबाइलला हात लावल्याशिवाय राहतोय!

आपली नियमित वाचक,
एक आजी, रामबाग, इंदूर