टेराकोटा भिंतीच्या रंगाखालच्या कामाबद्दल आभार

रंगारीकाका,

सप्रेम नमस्कार. हॉलमधली टेराकोटाची भिंत पाहून सगळे शेडचं कौतुक करतात. आम्हा दोघांना आभार मानायचेत ते त्या शेडखाली झाकल्या गेलेल्या कामाचे.

सगळ्यात आधी प्रायमर. तो पांढराच न ठेवता स्टेनर (रंगछटा देणारं द्रव्य) घालून तुम्ही फिकट विटकरी करून घेतलात. गडद शेड डीप बेसमध्ये, म्हणजे गडद शेडसाठीच्या मूळ रंगात स्टेनर मिसळून बनते आणि त्या बेसमध्ये झाकणारं टायटॅनियम डायऑक्साइड फार थोडं असतं. आयर्न ऑक्साइडचे लाल-पिवळे स्टेनर बरे झाकतात, पण शेड उजळ करायला सेंद्रिय नारिंगी पडला की खालचं पांढरं डोकावतं. मग चौथा, पाचवा हात मारत बसायचं. आपल्याकडे तीन हातांत भागलं.

पुट्टीच्या ठिगळांवर नुसता ब्रश फिरवून पुढे जाणारे पुष्कळ असतात. उघडी पुट्टी रंग जास्त पिते आणि तेवढाच भाग सुकल्यावर वेगळा दिसतो. फिक्या रंगात ते खपून जातं, टेराकोटात नाही. तुम्ही १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारलात, भिंतीला लागून आडवी बॅटरी धरून उंचवटे शोधलेत, धूळ ओल्या फडक्यानं पुसलीत आणि मगच सबंध भिंतीला प्रायमर दिलात. खिडकीखालच्या कोपऱ्यात लोणा दिसताच ओल कुठून येते ते आधी पाहिलंत, हेही बरं केलंत. त्यावर रंग मारला असता तर पांढरे क्षार पुन्हा वर आले असते, आणि गडद भिंतीवर ते लांबूनही दिसतात.

१२ बाय १० फुटांची भिंत म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. एका हाताला लिटरहून थोडा जास्त रंग लागतो, म्हणून तीन हातांना सव्वातीन लिटर धरून आपण चार मागवले. सगळे डबे तुम्ही एकाच बादलीत ओतून ढवळलेत. दोन डब्यांत स्टेनरचा थेंबभर फरक असला तरी जोड नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

कडेची कटिंग, म्हणजे ब्रशनं कड रंगवणं, एका वेळी दोन-तीन फूटच करायची आणि ती ओली असतानाच रोलर तिच्यात मिसळायचा, ही तुमची पद्धत खास. सगळी चौकट आधी रंगवून ठेवली की ती सुकते आणि भिंतीभोवती पट्टा उमटतो. पंखाही तेवढ्यासाठीच बंद ठेवायला लावलात. तुमच्या मदतनिसाला गरम झालं असेल खरं! शेवटच्या हाताचा रंग पुरता सुकण्याआधी मास्किंग टेप तिरका ओढून काढलात, म्हणून छताची कड सुरीनं कापल्यासारखी आली.

मॅट फिनिशबद्दल तुम्ही बजावलं होतंत, ते पाळतोय. महिनाभर भिंत धुवायची नाही. नंतरही डाग मऊ ओल्या स्पंजनं टिपायचा. घासलं की तेवढी जागा चकाकते, आणि तिथं टचअप केला तरी ठिगळ दिसतंच. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे लावलेत. थंड पांढऱ्या उजेडात हीच शेड मातकट दिसते.

उरलेला रंग छोट्या डब्यात गच्च बंद करून, झाकणावर शेडचा कोड आणि तारीख लिहून ठेवलीत, त्याबद्दलही आभार. आतल्या खोलीची भिंत करायची आहे. तिथलं प्लास्टर नवं आहे, पुरतं सुकलं की कळवतो.

आपले,
हॉलवाले दोघे