माळावरच्या गवताचं बी कोण जपणार?

मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी पन्हाळा तालुक्यातला दूध उत्पादक. दावणीला पंढरपुरी म्हशी आहेत. हे पत्र दूधदरासाठी नाही, अनुदानासाठीही नाही. आमच्या माळावरच्या गवताच्या बियाण्यासाठी आहे.

कोल्हापूरच्या गोठ्यात आज वैरण म्हणजे उसाचं वाडं, नाहीतर संकरित नेपियर. वाड्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगी कॅल्शियम लागू देत नाही. नेपियर भरपूर येतो, पण बाजरीशी संकर केलेला हा वाण वांझ आहे. कांड्या लावूनच वाढवायचा. म्हणजे बांधोबांधी तोच एक वाण. त्यावर उद्या रोग पडला तर पर्याय कुठून आणणार? 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठची हिरवी वैरण पाण्याखाली कुजली, तेव्हा जनावरांचे हाल आम्ही पाहिलेत.

पर्याय माळावर आहे. पवन्या, मारवेल, शेडा, डोंगरी ही गवतं खत-पाण्याशिवाय मुरमाड रानात तगतात. पण शाळूचं, भाताचं बी घराघरात राखून ठेवतात, तसं गवताचं कुणी ठेवत नाही. ते आपोआप येतं, असंच आपण धरून चाललो. माळ फोडून ऊस आणि काजू लागला, राधानगरी-शाहूवाडी-चंदगडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवर, बॉक्साईटच्या खाणी झाल्या, पडीक रानात घाणेरी आणि रानमोडी माजली. उरलेलं गवत आम्हीच बी पिकायच्या आत कापतो, कारण पिकलं की त्याची काडी होते आणि म्हैस तोंड लावत नाही.

हे बी गोळा करणं सोपं नाही, साहेब. पवन्याचं कणीस तळहातावर चोळून बघा. काही बी आधीच गळून गेलेलं असतं, काही अजून हिरवं असतं, आणि फोलपटं फुंकली की भरलेले दाणे थोडेच उरतात. ताजं बी लगेच उगवतही नाही, काही महिने सुप्त राहतं. म्हणून एकदा गाडी घेऊन येऊन, चार पिशव्या भरून हे काम होणार नाही. एकाच माळावर पुन्हा पुन्हा यावं लागेल. नंतर बी वाळवून उणे 18 अंशांत ठेवायचं, ठरावीक काळाने उगवून बघायचं, उगवण घटली की शेतात लावून नवं बी धरायचं. नेपियरसारख्या बी न धरणाऱ्या वाणांचे ठोंब तर शेतातच जिवंत सांभाळावे लागतात.

देशात याची सोय आहे. दिल्लीला राष्ट्रीय जनुक बँक, म्हणजे वाणांचं बी थंडीत जपणारी कोठी आहे, झाशीला 1962 पासून चारा संशोधन संस्था आहे, तिचं केंद्र आमच्या शेजारी धारवाडला आहे. राज्य सरकारनेही 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोशाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी 172 कोटी रुपये ठेवले, आणि त्याच्या सात विषयांत गवताळ प्रदेश आहे. अडचण इथंच आहे. गवत वनखात्याकडे, बियाणं कृषीकडे, जनावर आपल्याकडे. तिघांच्या मध्ये पवन्या कुणाचाच नाही. जगाकडूनही फार आशा नको. पिकांच्या वाणांची देशोदेशी देवाणघेवाण व्हावी म्हणून 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात चारा वनस्पतींच्या 29 वंशांची (जवळच्या जातींच्या गटांची) यादी झाली, त्यातली बहुतेक गवतं थंड मुलखातली. आमचा पवन्या त्यात नाही, मारवेलही नाही.

म्हणून आपणच पुढाकार घ्या. तिन्ही खात्यांना एकत्र बसवा. शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि आमचं कृषी महाविद्यालय यांच्याकडे कोल्हापूर जिल्ह्याच्या गवतांचा संग्रह सोपवा, आणि प्रत्येक नमुन्याचा दुसरा वाटा दिल्लीच्या जनुक बँकेत ठेवा. एकाच शीतगृहावर सगळं सोडू नका. नमुन्याबरोबर गाव, माती, उंची आणि गुराख्यांनी सांगितलेलं नाव लिहून घ्या. कुठलं गवत आधी वाळतं, कुठलं म्हैस उष्टावून टाकते, हे त्यांना ठाऊक असतं आणि ते कुठल्याच पाकिटावर नसतं. जैवविविधता कायद्याखालच्या गावच्या नोंदवहीतही ते आलं पाहिजे, म्हणजे पुढं त्यातून वाण निघाला तर गावाचा हक्क राहील.

आणि जो शेतकरी गवताचा एक पट्टा बी पिकेपर्यंत न कापता राखेल, त्याला त्या वैरणीची किंमत द्या. माझ्या रानातला पट्टा मी यंदा राखतोय. बी घ्यायला कधी माणूस पाठवता, तेवढं कळवा.

आपला,
पन्हाळा तालुक्यातील एक दूध उत्पादक
जि. कोल्हापूर