जुनी वही बंद कोणी करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यवस्थापनावर पानभर लेख आला होता. पुण्याच्या माझ्या लेकीनं तो फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, तुझ्या स्टोअरबद्दल आहे बघ." स्टोअरबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण अशी पाच कामं होती, बर्फाच्या लादीचं चित्र होतं, आणि कोपऱ्यात रंगीत चौकटीत एक वाक्य होतं: बदलाच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे कर्मचाऱ्यांचा विरोध. बाकी लेख चांगलाच होता. मला बोलायचं आहे ते या चौकटीबद्दल.

मी १९८४ ते २०१९ अशी ३५ वर्षं वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात काढली. सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाले, टायपिस्ट म्हणून लागले आणि स्टोअर-इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. आवक रजिस्टर, इश्यू स्लिप, बिन कार्ड, मार्चअखेरची मोजणी हाच माझा संसार. इतक्या वर्षांत कारखान्यात किती बदल आले ते मोजले नाहीत, पण कुणी विरोध केला म्हणून अडलेला एकही मला आठवत नाही. विरोध करायला वेळ कुणाला होता? नवं आलं की आम्ही ते करायचो. आणि जुनंही करत राहायचो. गोम आहे ती इथे.

२०११ साली शेठच्या धाकट्या मुलानं ईआरपी सॉफ्टवेअर आणलं, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकाच संगणकात. संगणकाला हार घातला, कुंकू लावलं, पेढे वाटले. अहमदाबादहून दोन मुलं आली आणि तीन दिवस शिकवून गेली. चौथ्या दिवशी मी शेठना विचारलं, की आता रजिस्टरचं काय करायचं? शेठ म्हणाले, "हमणां बन्ने चालवा दो, बेन." सध्या दोन्ही चालू द्या. ते 'हमणां' सात वर्षं चाललं.

शेठ सावध माणूस. त्यांना वाटलं, नवं बंद पडलं तर हाताशी जुनं असावं. पहिले दोन-तीन महिने हे शहाणपणाचंच होतं. पण त्यापुढे 'दोन्ही चालू द्या' म्हणजे निर्णय टाळणं, आणि वर टाळलेला निर्णय खाली कुणाच्या तरी टेबलावर येऊन बसतोच. माझ्या टेबलावर तो रोज दीड तास बसायचा. एकच माल दोनदा लिहायचा, एकच बेरीज दोनदा मारायची.

नुसता वेळ गेला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. झालं असं, की स्टोअरमधला संगणक माझ्या पासवर्डवर चाले आणि मी साडेपाचला घरी जाई. रात्रपाळीत माल लागला की सुपरवायझर स्लिप फाडायचा, रजिस्टरमध्ये ओळ लिहायचा आणि माल न्यायचा. सकाळी आल्याबरोबर मी त्या स्लिपा संगणकात चढवाव्यात अशी अपेक्षा. पण सकाळीच गेटवर दोन टेम्पो आवक घेऊन उभे, प्रोडक्शनचा माणूस खिडकीत उभा, आणि स्लिपा खिळ्याला लटकलेल्या. शेवटी त्या शनिवारी एकदम चढायच्या. म्हणजे आठवडाभर संगणकातला साठा खऱ्यापेक्षा जास्त दिसे. खरेदीखातं तर फक्त संगणक बघे. साठा ठरावीक पातळीखाली गेला की त्यांच्या पडद्यावर ओळ लाल व्हायची आणि मगच ऑर्डर जायची. रजिस्टरमध्ये माल संपत आलेला, संगणकात ओळ अजून काळीच.

२०१३च्या पावसाळ्यात तीन इंची व्हॉल्व्हची स्पायरल वाउंड गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवायची चकती) संगणकात ४० होती, रजिस्टरमध्ये १२, आणि रॅकवर मी स्वतः मोजली तेव्हा ११. एका रिफायनरीच्या शटडाउनसाठी ३० व्हॉल्व्ह जायचे होते. गाडी आवारात उभी राहिली. मुंबईहून गॅस्केट येईपर्यंत नऊ दिवस गेले. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापायचा अशी अट ऑर्डरमध्ये होती, ती लागली. नंतरच्या मीटिंगमध्ये कन्सल्टंट साहेब म्हणाले, "स्टोअरचा माइंडसेट अजून जुना आहे." मी तिथेच बसले होते, मीटिंगचं इतिवृत्त लिहीत. ते वाक्यही मीच लिहून घेतलं.

आता एक कबुली. शेठनी उद्यापासून रजिस्टर बंद असं सांगितलं असतं, तरी मी ते कपाटामागे ठेवून लिहीत राहिले असते. कारण त्यातला शेवटचा रकाना, शेरा. 'या पार्टीची ग्लँड पॅकिंग ओल धरते, पावसाळ्यात घेऊ नये.' 'कास्टिंगचा हा लॉट जड आहे, देताना प्रोडक्शनला सांगावे.' 'रॅक ७, खालचा खण, पाठीमागे.' सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलांनी रजिस्टरचे रकाने मोजले आणि तेवढे पडद्यावर आणले. शेरा हा रकाना बहुतेक पानांवर कोरा असतो, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. जिथे तो कोरा नव्हता तिथे माझी निम्मी नोकरी होती.

लेक एमबीए करत होती तेव्हा तिची पुस्तकं मी स्वयंपाकघरात चाळायची. त्यात हर्बर्ट सायमन भेटले. निर्णय कसे घेतले जातात यावरच्या कामासाठी त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला सगळी माहिती कधीच मिळत नाही, सगळे पर्याय तपासायला सवडही नसते, म्हणून पुरेसा बरा पर्याय दिसला की तो तिथे थांबतो. हे वाचून मला हसूच आलं. स्टोअरच्या खिडकीत पंधरा दिवस उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. माझी 'पुरेशी' माहिती शेऱ्यात होती. ती काढून घेतली आणि नुसता आकडा हातात दिला, तर पॅकिंग कुणाकडून मागवायची हे मी कशावरून ठरवणार? बाहेरून बघणाऱ्याला मी जुन्या वहीला चिकटलेली बाई दिसत असणार.

आपल्या लेखातली पाच कामं आंरी फेयोल या फ्रेंच खाण-अभियंत्यानं १९१६ साली मांडली. लेखात त्याचं नाव होतं, पण तो स्वतः काय करत होता हे नव्हतं. १८८८ साली खाणी आणि पोलादाची एक डबघाईला आलेली कंपनी त्याच्या हाती आली आणि १९१८ पर्यंत त्यानं ती चालवली. ती सावरताना न परवडणारे कारखाने त्यानं बंद केले. पाच कामांच्या यादीत 'बंद करणे' हे वेगळं काम नाही, पण त्याच्या हातून ते झालं होतं. पुढे व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर तर उघडच सांगत, की चालू असलेल्या प्रत्येक कामाबद्दल मधूनमधून विचारा: हे आज सुरू नसतं तर आपण ते नव्यानं सुरू केलं असतं का? उत्तर नाही आलं तर सोडा. (बर्फाच्या लादीचं चित्र मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या नावावर सांगतात: आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. मकरपुऱ्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पहिली पायरी आम्ही आपोआप पार करत असू. तिसरी कधी आलीच नाही.)

आणि हे शिकायला फ्रान्सपर्यंत जायलाही नको. आमच्या शेठच्या वडिलांची मांडवीत पेढी होती. दिवाळीला चोपडापूजन झालं की लाल कापडाची नवी वही उघडायची. जुन्या वहीची बाकी नव्या वहीत ओढायची आणि जुनी बांधून माळ्यावर टाकायची. दुसऱ्या दिवशी जुन्या वहीत एक ओळ लिहायची मुनीमजींचीही टाप नव्हती. त्याच घरातल्या मुलानं लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा त्याला जुनी वही बांधून ठेवायचं सुचलं नाही. संगणकाची पूजा मात्र रीतसर झाली.

वडोदऱ्यात कुठलाही समारंभ असो, सयाजीराव महाराजांच्या तसबिरीला हार पडतोच. आमच्याकडेही पडायचा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण महाराजांनी एकदम सगळ्या राज्यात आणलं नाही. १८९३ साली अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ साली राज्यभर लागू केलं. तेरा वर्षं हा काळ लहान नाही, पण करून पाहणं कुठेतरी संपलं आणि हुकूम निघाला. आमच्या कारखान्यात 'ट्रायल बेसिसवर' अशी पाटी लावलेलं एक मालाचं कपाट होतं. ती पाटी लॅमिनेट केलेली होती.

जुनं आपोआप बंद पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे ऐका. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि आमच्या मालावरची एक्साइज ड्यूटी गेली. आमच्या डिस्पॅच क्लार्कनं पुढचे आठ महिने आर.जी.-१ भरला. रोजच्या साठ्याच्या एक्साइजच्या वहीला आम्ही त्याच जुन्या नावानं ओळखायचो. सुरुवातीची शिल्लक, तयार माल, बाहेर गेलेला माल, अखेरची शिल्लक, सगळं सुवाच्य अक्षरात. मार्चमध्ये ऑडिटरनी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "मला बंद कर असं कुणी सांगितलं नाही." सगळे हसले. मी नाही हसले. कर सरकारनं बंद केला होता, वही आमच्या मालकांनी बंद करायची होती. आणि उद्या कुणी ती मागितली असती तर बोलणी खाणार होता तोच. लिहिलं म्हणून कुणाला मेमो मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही, न लिहिल्याबद्दल मिळालेले पाहिले आहेत. मग माणूस लिहीत राहणार नाही तर काय करणार?

नीट केलेलं कामही याच गावच्या बँकेचं सांगते. १९०८ साली इथेच सुरू झालेल्या बँक ऑफ बडोदामध्ये १ एप्रिल २०१९ला देना आणि विजया या दोन बँका विलीन झाल्या. माझं पेन्शनचं खातं देनामध्ये होतं. काही काळ जुने कोड आणि नवे कोड दोन्ही चालले, पण जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून चालणार नाहीत हे आधी सांगितलं गेलं. आमच्या सोसायटीतल्या बायकांची कुरकुर पुष्कळ झाली. पण तारीख असल्यामुळे प्रत्येकीनं त्याआधी आपापला कोड बदलून घेतला.

आमच्याकडे तारीख आली ती २०१८ साली, एका नव्या प्लँट मॅनेजरमुळे. रतलामकडचा मराठी मुलगा, माझ्या लेकीच्या वयाचा. त्यानं मला आधी विचारलं, "ताई, रजिस्टरमध्ये असं काय आहे जे संगणकात नाही?" सात वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला. दोन रविवार तो माझ्याबरोबर स्टोअरमध्ये बसला आणि शेऱ्याचा रकाना पानपान वाचला. कामाच्या निघालेल्या ६१ नोंदी सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या वर्णनात टाकून घेतल्या. रात्रपाळीच्या सुपरवायझरला वेगळा पासवर्ड दिला. मग नोटीस लावली, की १ ऑक्टोबरपासून रजिस्टरमधली नोंद ग्राह्य धरली जाणार नाही, खाली स्वतःची सही. ३० सप्टेंबरला संध्याकाळी मी शेवटच्या पानावर तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या, त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा मागितली गेली, दुसऱ्यात एकदा, नंतर नाही. मार्चअखेरच्या मोजणीत फरकाची यादी दर वर्षी दहा-अकरा पानांची निघायची, त्या वर्षी दोन पानांत संपली. ती माझी शेवटची मोजणी.

तो मुलगा पुढच्या वर्षी नोकरी बदलून गेला.

गेल्या दसऱ्याला मशीनच्या पूजेचं बोलावणं होतं म्हणून कारखान्यात गेले. स्टोअरमध्ये आता एक चुणचुणीत पोरगा आहे. पडद्यावर सॉफ्टवेअर उघडं होतं, शेजारी एक्सेलची शीट, आणि फोनवर स्टोअरचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात रात्रपाळीवाले मालाचे फोटो टाकतात. मी विचारलं, की बाबा, यातलं खरं कुठलं? तो प्रसाद खात खात म्हणाला, "बधुं चाले छे, बेन." सगळंच चालतं.

आपली,
एक निवृत्त स्टोअर-इन्चार्ज
दांडिया बाजार, वडोदरा

(कृपया नाव छापू नये. शेठ मराठी पेपर वाचत नाहीत, पण त्यांच्या सूनबाई वाचतात.)